शेजारचा उजेड

बायकोचा फोटो चौकात लागला म्हणून कुणाच्या पोटात दुखतं का? अभयच्या दुखलं. शुक्रवारी सकाळी जुईनगर स्टेशनबाहेरच्या सिग्नलला रिक्षा थांबली, त्यानं सहज मान वर केली, आणि समोर सोनल. एवढी मोठी सोनल त्यानं कधी पाहिली नव्हती. या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणलेला फ्लेक्स. डावीकडे हात जोडलेले आजी-माजी नगरसेवक, खाली मंडळाच्या पोरांचे गॉगलसकट फोटो, आणि मधोमध पिवळ्या साडीत हसणारी सोनल. मागे शनी, कड्यांसकट, जणू तिनं तोच शोधून काढला होता. 'आमच्या गावची लेक, आकाशात झेप! नवीन ग्रह शोधल्याबद्दल सौ. सोनल गोटीराम मढवी हिचा भव्य सत्कार, रविवारी संध्याकाळी, गावदेवी सभागृह.' सौ. म्हणायचं आणि नाव बापाचं लावायचं, वा रे वा! पण खरी गंमत पुढेच होती. फोटो त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाचा होता. त्यातून तिला तेवढी कापून काढली होती, आणि कापणाऱ्याचा हात जरा चुकला होता. तिच्या उजव्या खांद्यावर चार बोटं तशीच राहिली होती. ती बोटं अभयची होती. त्याच्या अंगठीसकट. "ही मॅडम इकडचीच हाय, साहेब," रिक्षावाला आरशातून म्हणाला, "ग्रह शोधलाय म्हनतात." अभय म्हणाला, "हो का?" आणि सिग्नल सुटला.

'हो का' असं आपण का म्हणालो, हे महापेला ऑफिसात पोचेपर्यंत त्याच्या डोक्यातून जाईना. 'माझी मिसेस आहे' म्हणायला काय जीभ झडणार होती? रिक्षावाल्यानं कौतुकच केलं असतं. तेच तर नको होतं. नवरा बायकोच्या एखाद्या मित्रावर जळला तर जगाला ते कळतं, त्याला नाव आहे, त्यावर भांडण करता येतं, दार आपटता येतं. पण नवरा थेट बायकोवरच जळत असेल तर त्यानं दार आपटायचं ते कुणाच्या नावानं? कुणाला सांगायला जावं तर तो म्हणेल, अरे, तुझीच तर आहे, तिचं नाव म्हणजे तुझंच नाव. हे वाक्य ज्यानं काढलं त्याच्या बायकोला कधी कुणी विचारलेलं नसणार. सर्व्हरच्या थंडगार खोलीत, शंभर पंख्यांच्या घुंईत उभं राहून त्यानं मनाशी कबूल करून टाकलं, की आपण जळतोय. नुसतं वाईट वाटत नाहीये, एकटं वाटत नाहीये, थकवा नाहीये, ॲसिडिटी नाहीये. सरळ जळतोय. कबूल केल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. त्याला काही वाटलं नाही.

बाबांची आठवण झाली. बाबा, म्हणजे बाजीराव, परभणीकडच्या गावातून येऊन कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर लागले आणि जन्मभर तिथेच राहिले. सुट्टीत अभय त्यांच्या केबिनमध्ये बसायचा. रिकामा ट्रक काट्यावर चढायचा, मग तोच ट्रक सळया भरून यायचा, आणि बाबा एकातून एक वजा करून सांगायचे, लोखंड एवढं. लोखंडाला हात लावायचा नाही, बघायचंसुद्धा नाही, नुसत्या फरकावरून ओळखायचं. एकदा बाबांच्या जागी दुसऱ्याच माणसाला सुपरवायझर केलं, बाबांनीच हाताशी धरून काम शिकवलेल्याला. बाबांनी स्वतः पेढे आणले, सगळ्या यार्डात वाटले, त्या माणसाच्या तोंडात स्वतःच्या हातानं कोंबला. घरी आल्यावर उरलेला पुडा त्यांनी फडताळावर टाकला आणि आईला म्हणाले, पोराला दे, मला नको. आणि मग बऱ्याच वेळानं, कुणी विचारलं नसताना, "माणसानं जळायचं तर जळावं. पण धूर निघू द्यायचा नाही." अभयला तेव्हा वाटलं होतं बाबा चुलीबद्दल बोलतायत.

आणि हे सगळं ज्याच्यावरून चाललं होतं तो ग्रह तरी कसा, तर कुणी कधी न पाहिलेला. अशा ग्रहांचं अभयलाच वेड होतं, पुण्याला पीएचडी करायला लागल्यापासून. कुठल्याशा ताऱ्याच्या घरात जन्मले, तिथल्या ओढाताणीत बाहेर फेकले गेले, आणि आता कुणाभोवतीच फिरत नाहीत असे ग्रह. स्वतःचा उजेड नाही, उजेड द्यायला सूर्य नाही. दिसणार कसे? पण वजन तर आहे. असा एखादा भटक्या दूरच्या ताऱ्याच्या बरोबर समोरून गेला, की त्याच्या वजनानं त्या ताऱ्याचे किरण भिंगातून आल्यासारखे वाकतात, आणि तारा काही तास उजळतो. मग पूर्ववत. पुन्हा कधीच नाही. करोडो ताऱ्यांकडे वर्षानुवर्षं टक लावून बसायचं आणि कुठे एखादा काही तासांपुरता जरासा उजळला का ते शोधायचं, एवढंच काम. बाबांना झटका आला, उजवी बाजू गेली, आणि अभयनं पीएचडी सोडली तेव्हा मित्र आशुतोष स्टँडवर पोचवायला आला होता. "तू परत येशील रे," आशुतोष म्हणाला होता. हा आशुतोष परीक्षेच्या आधी त्याच्याच वह्या झेरॉक्स करून न्यायचा. आता तो तिथे डॉक्टर, सर, टीमचा प्रमुख. अभय परत गेला नाही. बाबा गेले तरी नाही. पण वेड राहिलं. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरावरच्या दुर्बिणीचा डेटा सगळ्यांना खुला असतो, त्याला काय, घरबसल्या बघता येतो. दर रविवारी दुपारी जेवण झालं की लॅपटॉप उघडून तो आलेख बघत बसे. तिकडची रात्र नुकतीच संपत आलेली असायची आणि इकडे खाली भंगारवाला ओरडत जायचा.

सोनल मागून येऊन त्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवून विचारायची, "कुणाचा ईसीजी आहे हा?" बेलापूरला विम्याच्या ऑफिसात होती, स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी झालेली, आकड्यांना घाबरणारी नव्हती. लग्न दोन्ही घरांच्या नाकावर टिच्चून केलेलं. तिच्या वडिलांचा, गोटीरामशेठांचा, पहिली दोन वर्षं उंबऱ्याला पाय लागला नव्हता. ज्यांच्या मिठागरावर आणि भातशेतावर हे अख्खं शहर उभं राहिलं त्या गावची मुलगी, आणि जावई काट्यावरच्या बाजीरावचा मुलगा, बौद्ध, भाड्याच्या खोलीतला. नंतर यायला लागले. चहा घेत, पंख्याकडे बघत, निघताना "बरा हाय ना सगला?" एवढं विचारत. तर अशा एका रविवारी, अंधार पडल्यावर, अभयनं तिला पहिला धडा दिला होता. ट्यूब बंद केली, स्वयंपाकघरात नेलं, ओट्याकडे बोट दाखवलं. "ओट्यावर उजेड आहे?" "आहे." "आपला दिवा?" "बंद." "मग कुणाचा?" ती खिडकीच्या जाळीकडे बघून हसायला लागली. समोरच्या कुंदनच्या घरातली ट्यूब त्यांच्या ओट्यावर सांडत होती. "आकाशगंगेच्या मध्याकडे ताऱ्यांची अशीच दाटी आहे, सिडकोच्या घरांसारखी," तो म्हणाला होता, "एकाचा उजेड दुसऱ्याच्या हिशेबात येतो. म्हणून कुठेही उजेड वाढलेला दिसला की आधी शेजारी बघायचा. बाकी सगळं नंतर." तिनं ते इतकं मनावर घेतलं की पुढे भाजी खारट झाली तरी म्हणायची, आधी शेजारी बघ. त्या संध्याकाळी अभय सुखी होता. ज्याला शिकवता येतं असा माणूस घरात असणं, याहून मोठं सुख त्याला तेव्हा माहीत नव्हतं. आपण शिकवतोय त्याला आपल्यापेक्षा जास्त दिसायला लागेल, हे कुणाच्या स्वप्नात येतं?

तिला दिसलं. मागच्या वर्षी एका जुन्या आलेखात चार-सहा ठिपके वर उचललेले दिसले आणि तिनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. त्यानं दाढी करता करता आरशातूनच बघितल्यासारखं केलं. "भडका असेल. तारे भडकतात. सोड." तिनं सोडलं नाही. भडका असता तर झटकन चढून हळूहळू उतरला असता, हा तर जसा चढला तसाच उतरायला लागलेला दिसतो, असं म्हणून तिनं तो आशुतोषला पाठवला, रीतसर, 'अभयला हा भडका वाटतो, मला नाही' असं लिहून. आशुतोषच्या लोकांनी दुसऱ्या खंडातल्या दुर्बिणीचा डेटा काढला. त्यात उरलेला अर्धा उतार होता, चढासारखाच, आरशात बघितल्यासारखा. भोवती तारा कुठे दिसेना. एकटा ग्रह. लेखाचा मसुदा तयार झाला, त्यावर पहिलं नाव सोनलचं. अभयचं शेवटी, आभारात, 'उपयुक्त चर्चेबद्दल'. पेपर अजून गेलाही नव्हता. पण तिच्या आईला, गोजराबाईंना, राहवलं नाही. त्या बचत गटात बोलल्या, बचत गटातून ते मंडळात गेलं, आणि मंडळाच्या पोरांना फ्लेक्स लावायला वाढदिवससुद्धा पुरतो, इथे तर ग्रह होता.

शुक्रवारी संध्याकाळी घरी आल्यावर तो म्हणाला, "तुझा फोटो लागलाय स्टेशनला." "अरे देवा, बघितलास? शनी बघितलास?" ती कपाळाला हात लावून हसत सुटली, "मी पप्पांना सांगितलं, अहो, तो शनी आहे. ते म्हणाले, असू दे, वलकीचा तरी हाय." तोही हसला. मग तिनं हसू आवरलं. "नाव मी दिलं नव्हतं रे. त्या पोरांनी परस्पर टाकलं." "मी कुठे काय म्हणालो?" "म्हणाला नाहीस." ती कुकर लावायला उठली. आडनाव गाळलं ते माहेरच्या कौतुकापायी, की त्याचं आडनाव त्या चौकात नको म्हणून? याचा त्यानं रात्री अंथरुणावर काथ्याकूट केला. जातीपायी, असं ठरवलं की बरं वाटायचं, कारण मग दोष दुसऱ्याचा होता आणि त्याचा राग शंभर पिढ्यांचा, खणखणीत, मान वर करून बाळगण्यासारखा होता. पण तो राग नीट पेटेना. खाली ओलं लाकूड होतं. सगळ्या गावानं पाय धुऊन फ्लेक्सवर त्याचं अख्खं नाव घातलं असतं, 'यांच्या पत्नी' म्हणून, तरी त्याच्या पोटात असंच दुखलं असतं, हे त्याला ठाऊक होतं.

आणि तेवढ्यात आशुतोषचा फोन, शनिवारी सकाळी. "अभ्या, एक काम कर ना. पेपर सोमवारी पाठवायचाय. दुर्बिणीवाल्यांनी जुन्या वर्षांचा डेटा नव्यानं साफ करून टाकलाय, परवाच आला. त्यात यजमान तारा कुठे डोकावतोय का एवढं बघून दे. सोनलनं बघून चालणार नाही, जो दावा करतो त्यानं शेवटची तपासणी करायची नाही, आपला नियम. आणि तुझ्यासारखी नजर माझ्या पोरांत कुणाकडे नाही." हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय, हे कळत असूनही अभय चढला. ग्रह जर लांबून का होईना एखाद्या ताऱ्याला बांधलेला असेल, तर तो ताराही मागेपुढे कधीतरी त्या दूरच्या उजेडावरून गेला असणार. आणि मग आलेखात एक बुटका, पसरट फुगवटा दिसणार, आठवडेच्या आठवडे चालणारा. तो सापडला की ग्रह एकटा नाही. लाखो ग्रहांसारखा एक. मग पहिलं नाव राहील, पण पेपर बारीकसा होईल. शनी उतरवावा लागेल. असं तो काही मुद्दाम मनात आणत नव्हता. ते आपलंआपण येऊन बसत होतं, ओळखीच्या माणसासारखं, चप्पल काढून.

रविवारी सकाळीच सोनल माहेरी गेली, साडी नेसवायला काकू-मावश्या बसल्या होत्या. जाताना दारातून म्हणाली, "वेळेवर ये. आणि तो निळा शर्ट घाल." तो लॅपटॉप घेऊन बसला. बसला म्हणजे चिकटलाच. वर्षामागून वर्षं सरकवत, ठिपक्यांची सपाट रांग बघत. सपाट, सपाट, आडवी पसरलेली खाडीच. प्रत्येक सपाट वर्षाला त्याच्या छातीत एक बारीकशी निराशा होत होती, आणि प्रत्येक निराशेची त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही तो पुढचं वर्ष उघडत होता. तारा हवा होता त्याला. कुठलाही, कसाही, मरतुकडा का असेना. भंगारवाला येऊन गेला. चहाचा कप तसाच राहिला. आणि मग ठिपके उचलले. ग्रह समोरून गेला त्याच्या दोन वर्षं आधी, हळूहळू वर, पसरट, दमानं, आणि तसेच हळूहळू खाली. त्यानं श्वास रोखून सरासरी काढली. फुगवटा होता. खरोखर होता. त्याला एकदम कडकडून भूक लागली. तो उठला, फ्रिजमधली कालची भाकरी आणि ठेचा उभ्याउभ्या खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, हसू आलं, पुन्हा येऊन बसला आणि फुगवट्याकडे बघितलं. होता. किती दिवसांनी त्याला काहीतरी दिसलं होतं जे आधी कुणाला दिसलं नव्हतं! पुण्यातल्या त्या खोलीचा, ओल्या भिंतींचा, सायकलच्या तेलाचा वास त्याला आला. तिघांचा एक ग्रुप होता फोनवर. त्यात त्यानं लिहिलं, 'तारा सापडला. ग्रह एकटा नाही.' आधी तिला फोन करून सांगावं, सत्कार संपेपर्यंत थांबावं, असं मनात आलं नाही असं नाही. अंगठा मनाच्या पुढे होता.

निळा शर्ट घालून रिक्षात बसल्यावर त्यानं फोन बघितला. आशुतोषचा नुसता डोळे विस्फारलेला चेहरा. आणि खाली सोनल: 'अभयनं बघितलंय म्हणजे झालं. आशुतोष, मसुद्यातून एकटा हा शब्द काढ. आणि अभयचं नाव वर घे.' एवढंच. ना फोन, ना 'नक्की ना?', ना 'आज कशाला सांगितलंस'. त्याला वाटलं होतं ती हादरेल, भांडेल, निदान एक प्रश्न तरी विचारेल. तिनं भांडायला जागाच ठेवली नव्हती. स्टेशनपाशी फ्लेक्स वाऱ्यानं फडफडत होता आणि त्याची चार बोटं तिच्या खांद्यावर वरखाली होत होती. आता त्या बोटांना वर घेतलंय, तो मनाशी म्हणाला, पण ते विनोदासारखं वाटेना.

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे जरीच्या साड्यांतल्या गावच्या बाया, नाकात नथी, डोक्यात अबोलीचे गजरे. मागे मंडळाची पोरं, स्पीकरची भिंत. स्टेजवर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत गोटीरामशेठ, गळ्यातली साखळी पोटावर टेकलेली, आणि शेजारी सोनल. अभय कडेच्या खुर्चीवर बसला. ती बोलायला उठली आणि माहेरच्या बोलीत घुसली ती सरळ आईचंच नाव घेऊन. "आई मना विचारते, ग्रव कुनाभोवती फिरत नाय, मंग तो पडत कसा नाय?" सगळं सभागृह हसलं, गोजराबाईंनी पदर तोंडाला लावला. "आई, पडायला खाली तरी पायजे ना? त्याला खाली न् वर कायच नाय." मग तिनं वजन सांगितलं, भिंग सांगितलं, काही तास उजळणारा तारा सांगितला, आणि आश्चर्य म्हणजे लोक ऐकत होते. अभय ऐकत होता आणि त्याला कळत होतं, की आपण हे इतकं सोपं करून कधीच सांगितलं नसतं. मग तिनं त्याच्याकडे बघितलं. थेट. "हे सगळं मला यानं शिकवलं. माझा नवरा. पहिल्याच दिवशी दिवा बंद करून मला ओट्यापाशी उभी केली आणि म्हणाला, उजेड दिसला की आधी शेजारी बघायचा. बाकी सगळं नंतर. मी आजपर्यंत एकदासुद्धा ते विसरले नाही." तिनं माईक जवळ घेतला. "आणि एक सांगते. मंडळानं बोर्ड लावलाय की मी एकटा ग्रह शोधला. पण आज दुपारीच यानं त्याचा तारा शोधून काढला. म्हणजे तो एकटा नाहीये. तर टाळ्या त्याच्यासाठी पण वाजवा."

टाळ्या वाजल्या. अभयला त्या ऐकू आल्या, पण लांबून, पाण्याखालून. शेजारी. त्यानं शेजारी बघितला नव्हता. सगळं बघितलं होतं, ठिपके किती चुकू शकतात ते बघितलं होतं, सरासरी दोनदा काढली होती, आणि जी गोष्ट तो पुण्यात नवशिक्या पोरांना दरडावून सांगायचा तेवढी एकच बघायची राहिली होती. राहिली? का राहिली, ते त्याचं त्याला माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं. त्या ताऱ्याला लागूनच एक तांबडा म्हातारा तारा होता, जाडजूड, डोळ्यांत भरणारा. असले म्हातारे तारे महिनोन्‌महिने फुगतात आणि महिनोन्‌महिने आकसतात, हे तर शाळेतलं पुस्तकही सांगेल. सकाळपासून तो पडद्याच्या कोपऱ्यात बसलेला होता. अभयनं गुडघ्यांच्या मध्ये फोन धरला, दुर्बिणीचं पान उघडलं, नेटवर्क गोल गोल फिरत राहिलं, आणि मग म्हाताऱ्याचा आलेख आला. तोच फुगवटा. त्याच महिन्यांत, त्याच चालीनं, फक्त भरघोस उंच. कुंदनच्या घरातली ट्यूब. गुरूची विद्या गुरूलाच फळली होती.

"जावय, वर या, वर या! असं कोन्यात काय बसलाव?" गोटीरामशेठांनी माईक हातात घेतला होता. पोरांनी त्याला खुर्चीतून जवळजवळ उचललंच. सासऱ्यांनी स्वतः शाल उलगडली, त्याच्या खांद्यांवर टाकली, नारळ हातात दिला, आणि माईकमध्ये मोठ्यानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचे जावय, अभय बाजीराव!" बाबांचं नाव. त्या सभागृहात, त्या माणसाच्या तोंडून, स्पीकरच्या भिंतीतून. सहा वर्षं तो ज्याची वाट बघत होता, कबूल न करता, ते हे होतं. बाबा असते तर त्यांनी पेढा खाल्ला असता. शालीच्या नव्या कापडाचा वास येत होता. काही न बोलता हात जोडायचे, खाली उतरायचं, एवढंच करायचं होतं; इथे कुणाला काय कळणार होतं? सोमवारी आशुतोष पेपर पाठवील, नाव वर जाईल, आणि तो म्हातारा तारा पुन्हा कधी कुणी बघितलाच तर बघेल. "बोला जावय, दोन शब्द बोला," सासरे म्हणाले, आणि माईक त्याच्या तोंडाशी आला. त्यानं सोनलकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत होती, खरोखरच्या, मनापासून. तिच्या चेहऱ्यावर धूर नव्हता. आत काही जळतच नव्हतं.

"तारा नाहीये," तो म्हणाला. माईकनं किंकाळी फोडली, त्यानं तो जरा लांब धरला. "मी चुकलो. तारा नाही. शेजारच्या ताऱ्याचा उजेड होता. सोनलचंच बरोबर आहे. ग्रह एकटाच आहे." क्षणभर कुणाला काही समजलं नाही, मग मागून एका पोरानं शिट्टी मारली आणि सभागृहानं दुप्पट टाळ्या वाजवल्या, जावयानं बायकोची बाजू घेतली एवढं त्यांना कळलं आणि ते आवडलं. गोजराबाई म्हणाल्या, "गुनाचा हाय गो!" फक्त सोनलचे हात थांबले होते. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला तेव्हा तिनं समोर लोकांकडे बघतच, ओठ न हलवता विचारलं, "शेजारी बघितला नव्हतास?"

"नाही."

"तू?"

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. तिच्या चेहऱ्यावरून सगळं सावकाश जाताना त्यानं बघितलं. आरशासमोरची दाढी, 'भडका असेल, सोड', आभारातलं नाव, शुक्रवारचं 'मी कुठे काय म्हणालो?', आजचा दुपारचा मेसेज, सगळं तिनं एकेक करून पाहिलं, आणि तिला सवय होती, बरोबर क्रमानं लावलं. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं पर्समधून फोन काढला, काहीतरी छोटं टाईप केलं, त्याचा फोन खिशात थरथरला. त्यानं बघितला नाही. त्याला माहीत होतं. शब्द परत घाल, असं असणार. त्याच्या नावाचं काय लिहिलं होतं, ते बघायची हिंमत नव्हती.

मग फोटो. फोटोग्राफर खुर्चीवर चढला. गोटीरामशेठ मध्ये उभे राहणार होते, पण म्हणाले, नको, जोड्याचा घे आदी, बोर्डवरचा फोटो बरोबर आला नाय, आता नवीन लावू, दोघांचा. "अभय बाजीराव, असं नाव टाका रं," ते पोरांना ओरडून म्हणाले. सोनल उभी राहिली, पदर नीट केला, समोर बघितलं. तिच्या आणि अभयच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होती.

"दादा, जरा वहिनींच्या जवळ सरका," फोटोग्राफर म्हणाला.

अभय सरकला. हात तिच्या खांद्यापर्यंत उचलला, आणि ठेवायचा की नाही ते न कळून तिथेच हवेत राहिला.

"वहिनी, तुम्ही पण थोडं."

सोनल हसली, फोटोत हसतात तशी. आणि जिथे होती तिथेच उभी राहिली.